ज्या निरोपावर तुम्ही नाचता

खरं सांगा, गेल्या उन्हाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या वरातीत तुम्ही "याडी ये" वर नाचले की नाही?

लाजू नका. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात वरात निघाली आणि ते गाणं वाजलं नाही, असं एक लग्न मला दाखवा. आधी डीजेवाला सगळे बॉक्स एकदम बंद करतो. पोट्टे ओरडतात. त्या शांततेत एका बाईचा आवाज येतो, लांब ओढलेला, घशाच्या तळातून आलेला: "याडी येऽऽ, म जारीचूऽऽ." तो पुरता संपायच्या आत खालून असा ठोका बसतो की नवरदेवाची घोडीसुद्धा मागं सरते. मग नवरदेवाचा मामा रुमाल दातात धरतो आणि रस्त्यावर लोळतो. तुम्हीही हात वर केले असतील. मी तुम्हाला दोष देत नाही. अजून तरी नाही.

बंजाऱ्यांच्या गोरबोलीत याडी म्हणजे आई. आई, मी चालले. एवढंच ती बाई म्हणते. ती आईचा निरोप घेते आहे, आणि आपण तिच्या रडण्यावर नागीण डान्स करतो.

तिचं नाव पुष्पा फुलसिंग आडे. फुलसावंगीपासून आत गेलं की बंजाऱ्यांचा एक तांडा लागतो, तिथली. मी गावोगावच्या गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांची संघटना चालवतो, म्हणून तिला ओळखतो. माझं शिक्षण विचारू नका, पण माणूस गातो की नुसता ओरडतो हे मला कळते. पुष्पासारखा गळा मी दुसरा ऐकलेला नाही. हे मी तोंडदेखलं बोलत नाही. तोंडदेखलं बोलणं मला जमत असतं तर आतापर्यंत नगरसेवक झालो असतो.

घर सगळं गाण्याचं. बाप फुलसिंग सेवालाल महाराजांच्या भजनात नंगारा वाजवायचा. असा वाजवायचा की दुसऱ्या तांड्याची माणसं आपलं भजन सोडून ऐकायला येत. आई लालीबाई हिचं काम वेगळं. ती नवऱ्या मुलींना रडायला शिकवायची.

हसू नका, नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट इथंच अडकलेली आहे. बंजाऱ्यांची मुलगी लग्न होऊन निघते तेव्हा ती गाऊन रडते. त्या गाण्याला ढावलो म्हणतात. चाल जुनी असते, पण शब्द जिचे तिने जुळवायचे. एकेकाच्या गळ्यात पडायचं आणि त्याच्या नावानं गायचं. बाप, भाऊ, शेजारीण, गोठ्यातली गाय, कोणालाच सोडायचं नाही. बापाच्या नावानं ढावलो सुरू झाला की बाप पोरीच्या डोक्यावर हात ठेवतो. म्हणजे जा, मी सोडलं. सगळ्यात शेवटी आईच्या गळ्यात पडायचं. तो ढावलो संपला की मुलगी गेली. मग ती त्या घरची पाहुणी.

पाहुणी म्हणजे खरोखर पाहुणी. पुढं कधी माहेरी आली तर ती अंगणात थांबते. आई बाहेर येते, दोघी एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि पुन्हा गाऊनच रडतात. एक ओळ मुलीची, एक ओळ आईची. ही भेट झाल्याशिवाय मुलगी चुलीपाशी जात नाही. त्या तांड्यात तरी अजून असंच आहे.

तर लालीबाई पोरींना हे शिकवायची आणि पुष्पा तिच्या मांडीपाशी बसून ऐकायची. लहान असताना तिनं एकदा बकरीच्या गळ्यात हात टाकून ढावलो लावला. तोही पूर्ण सुरात. लालीबाईनं चुलीपासून उठून तिच्या थोबाडीत मारली.

"न जाताच निरोप घेते काव? ढावलो एकदाच निंगते तोंडातून. शिकवाचा तरी दुसरीच्या नावानं शिकवाचा."

"मंग तू काहून रोज म्हनते?" पोरीनं गाल चोळत विचारलं.

"मी दुसरीच्या नावानं म्हनते. माह्या आईले सोडून नाई राह्यली."

ही गोष्ट पुष्पा स्वतः हसत सांगायची. आता सांगत नाही.

पुढं ती शिकायला पुसदला आली. शिकणं राहिलं बाजूला, ती एका ऑर्केस्ट्रात शिरली. लग्नाच्या रिसेप्शनला सिनेमाची गाणी म्हणायची, लोक जेवत राहायचे. पण पुसद कानाला उपाशी ठेवत नाही. एका बाजूला भीमगीतांची ढोलकी, दुसरीकडं उरुसातली कव्वाली, मधे कोणाच्या तरी गच्चीवर पोट्टे मोबाईल पुढं धरून रॅप करतात. पुष्पानं ते सगळं उचललं. आईच्या ढावलोची चाल घ्यायची, खाली बापाच्या नंगाऱ्याचा ठेका, मधेच कव्वालीसारखी एकच ओळ फिरवत न्यायची, आणि शब्द अर्धे गोरबोलीत, अर्धे आपल्या वऱ्हाडीत. शब्द तिचेच. गॅस सिलेंडरवर गाणं, एसटी चुकली त्यावर गाणं, मुलगी पाहायला आलेल्यांनी हाताची नखं तपासली त्यावर गाणं. हे शेवटचं ऐकून बायका खुर्चीवरून पडायच्या.

लोकांना काय, लेबल पाहिजे. तांड्यातले म्हणाले, आमचं गाणं बाटवलं. शहरातले म्हणाले, छान आहे पण नक्की आहे काय हे? एका स्पर्धेत परीक्षकांनी तिला विचारलं, "ताई, तुमचं नाव कोणत्या गटात लिहू? लोकगीत, सुगम की फ्यूजन?"

"साहेब, मले एकच गळा आहे. कोन्या गटात बसते ते तुमीच पाहा."

उत्तेजनार्थसुद्धा दिलं नाही. मी त्या परीक्षकांशी मंडपाबाहेर जे बोललो ते इथं छापता येणार नाही.

लग्न तिनं केलं नाही. स्थळं आली, पण प्रत्येकाची अट एकच, गाणं बंद. शेवटी फुलसिंगबापूनंच सांगून टाकलं, "पोरगी गायलेच जन्मली, गाऊ द्या तिले." तांड्यातल्या सगळ्या पोरींना लालीबाईनं ढावलो शिकवून वाटेला लावलं होतं आणि घरची पोरगी ढावलोशिवाय राहिली होती. हे तिला टोचत असणार.

टोचत पुष्पालाही होतं. म्हणून तिनं ते गाणं बांधलं. जिचं लग्नच होत नाही, जी गाण्यापायी घर सोडते, तिचा ढावलो. तो तिनं आधी मला ऐकवला. त्यात होतं: बापू, तुझ्या नंगाऱ्याची दोरी सैल पडली तर कोण ओढून देईल. भावाच्या नावानं होतं: बादल, मी गेल्यावर माझ्या वाटणीचं भांडण कोणाशी करशील. आणि शेवटी याडी.

तिनं खोटी नावं घातली नाहीत. तिथंच तिचं चुकलं. पण खोट्या नावाचा ढावलो म्हणजे काय असते हो? तो तर कोणीही लिहील.

पुसदला एका मंडळाचा कार्यक्रम होता. नंगाऱ्यावर खुद्द फुलसिंगबापू. त्याला तिनं एवढंच सांगितलं होतं की नवीन गाणं आहे, ठेका भजनाचाच ठेव. सुरुवात छान झाली. मग तिनं सूर ओढला आणि बापाचं नाव घेतलं. नंगारा थांबला. म्हातारा उठला. पागोटं सावरलं, चपला काढल्या, स्टेजवर सगळ्यांच्या समोर पोरीपाशी गेला आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला. डोळ्यांतून धार लागलेली.

पब्लिकला वाटलं, काय ॲक्टिंग आहे! शिट्ट्या, टाळ्या, मोबाईल हवेत. पुढच्या रांगेतला एक पाहुणा रडला आणि उठून उभा राहिला.

मी विंगेत होतो. पुष्पाचा चेहरा मला दिसत होता. हात डोक्यावर पडला तसं तिला कळलं की हे गाणं राहिलं नाही. पण सूर लागलेला होता, मधे तोडता येईना. तिनं भावाचं म्हटलं, आईचं म्हटलं, पूर्ण केलं. खाली उतरल्यावर बापाला म्हणाली, "बापू, थे गानं होतं ना."

म्हातारा चपला घालत म्हणाला, "मले का माहीत व बाई. तू नाव घेतलं. बापाचा हात आपोआप जाते."

पुढच्या वेळी पुष्पा तांड्यावर गेली तेव्हा तिच्यासाठी अंगणात खाट टाकली होती. खाटेवर नवी चादर. पाणी तांब्यात, चहा पाहुण्यांच्या कपात. तिला आधी गंमत वाटली.

"काव याडी, मी पाव्हनी आहो का?"

लालीबाई दारातच उभी. "गेली ना तू? साऱ्या दुनियेनं पाह्यलं मोबाईलवर. मीबी पाह्यलं."

"अव थे स्टेजवर..."

"बापाले भेटून गेली. भावाचं नाव घेऊन गेली. माह्यं बी नाव घेतलं. पन माह्या गळ्यात पडली का? लोकायच्या पोरी माह्या हातून शिकून आपल्या आईच्या गळ्यात पडते. माह्यी पोरगी माईकच्या गळ्यात पडली."

"मंग आता भेट ना मले. घे गळ्यात."

"जे गळ्यात पडून गेलीच नाई, तिले भेटून घरात कशी घेऊ?"

तांड्याच्या नायकानं समजावलं, बादलनं पाय धरले. म्हातारी हलली नाही. पुष्पाही हलली नाही. तिनं चहा पाहुण्यांच्या कपातच प्यायला आणि परतीची गाडी धरली. दोघी एकाच मातीच्या. मला राग येतो तो यांचाच. दोन पावलं टाकायची होती, एकीनंही टाकली नाहीत. फुलसिंगबापू वारला तेव्हाही पुष्पा अंगणातच बसून रडली, आतल्या बायका आत रडल्या. मधे फक्त उंबरा होता.

आणि इकडं तिचं गाणं डीजेवाल्यांच्या हाती लागलं. पुसदच्या अक्षय नावाच्या पोट्ट्यानं मोबाईलवरच्या व्हिडिओतून तिचा आवाज काढला, बापाचा, भावाचा भाग कापून फेकला, नुसतं "याडी ये, म जारीचू" ठेवलं आणि खाली ठोका घातला. मग रील, मग गावोगाव. दुसऱ्या डीजेवाल्यांनी त्याचीही कॉपी केली. गाण्यावर पुष्पाचं नाव कुठंच नाही. तिचे कार्यक्रम मात्र बंद पडत गेले. मी स्वतः आयोजकांकडं जायचो. एकजण मला तोंडावर म्हणाला, "भाऊ, थ्या बाईचं गानं तर डीजेतच वाजते. बाई कायले बोलवाची?"

पुष्पा पुसदच्या खोलीत बसून राहायची. ऑर्केस्ट्रानं एक तरुण पोरगी घेतली होती. शेजारून वरात गेली की पुष्पा खिडकी लावून घ्यायची. एकदा म्हणाली, "दादा, साऱ्या जिल्ह्यात मी रोज घर सोडून राह्यली. घरी जाचं गानं मले कोनी देत नाई."

मग काही वर्षांनी लालीबाईला लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. जिनं सगळ्या तांड्याला गळा दिला तिच्या तोंडून नुसता "आ" निघायचा. बादलनं दवाखाने केले. एका डॉक्टरनं त्याला एक गोष्ट सांगितली: "अशा पेशंटला कधी कधी बोलता येत नाही, पण जुनं, तोंडपाठ गाणं म्हणता येते. ओळखीचं काही ऐकवत राहा."

बादलनं हे फोनवर सांगितलं तेव्हा पुष्पा पहिल्यांदा उठून बसली. पण त्याचं बोलणं संपलं नव्हतं.

"ताई, एक गोष्ट आहे. लग्नसराई सुरू झाली. तुह्यं गानं वाजलं का याडी दाराकडं पाह्यते. डावा हात लंबा करते. खाटेवरून दोनदा पडली. तिले वाटते तू आत्ता चालली. मंग दिवसभर घास घेत नाई."

मी तिला माझ्या मोटारसायकलवर घेऊन गेलो. तांड्यावर त्या दिवशीही लग्न होतं, दूर टोकाला मंडप दिसत होता. पुष्पा अंगणात थांबली. बादल म्हणाला, "आत ये न व, आता काय राह्यलं त्याच्यात?"

"याडीनं भेटल्याबिगर नाई येत."

"थिचं तोंड चालत नाई. कशी भेटन थे तुले?"

"तोंड नाई चालत. गळा चालन. तू खाट बाहेर आन."

बादल आणि मी, दोघांनी म्हातारीची खाट उचलून अंगणात आणली. अंगात जीव राहिला नव्हता, खाटेचंच वजन होतं. नजर मात्र तीच, धार लावलेली. पुष्पा खाली बसली, आईच्या गळ्यात हात टाकले आणि भेटीची पहिली ओळ म्हटली. हळू म्हटली. माईक नाही, नंगारा नाही. मग थांबली, कारण पुढची ओळ आईची असते.

काही नाही.

तिनं पुन्हा तीच ओळ म्हटली. पुन्हा थांबली. बादलची बायको दारात तोंडावर पदर धरून उभी. असं किती वेळा झालं मी मोजलं नाही. मग म्हातारीचे ओठ हलले. डावा हात उठून पुष्पाच्या पाठीवर आला. आणि तो "आ" वर चढायला लागला. शपथेवर सांगतो, तो सुरात होता. वाकडा होता, अर्धा तुटलेला होता, पण चढत होता, आईच्या ओळीकडंच जात होता. बादल माझा दंड धरून बसला.

आणि मंडपातले बॉक्स एकदम गप्प झाले. मला ती गप्प व्हायची पद्धत माहीत होती. मी उठलो तोवर उशीर झाला होता.

"याडी येऽऽ, म जारीचूऽऽ."

सगळ्या तांड्यावर पुष्पाचा आवाज. तरणा, स्टेजवरचा. लालीबाईचा सूर तिथंच मोडला. तिनं गळ्यातल्या पुष्पाकडं पाहिलं, जणू कोणी परकी बाई अंगावर पडली आहे. डाव्या हातानं तिला बाजूला ढकललं. आणि मान वळवून रस्त्याकडं पाहायला लागली, तिकडं, जिकडून तिची पोरगी जात होती. हात लंबा केला. तेवढ्यात ठोका बसला आणि लोक नाचायला लागले.

पुष्पा ओरडली नाही. "याडी, मी अठी आहो. याडी, अठी पाह्य," एवढंच म्हणत राहिली. म्हातारीनं पाहिलं नाही.

मी मंडपात कसा पोचलो मला आठवत नाही. डीजे अक्षयचाच होता. मी वायर उपटली.

"ओ काका! पागल झाले का?" पोट्टा गाडीवरून खाली उडी मारून आला. वरातीतले दोघंतिघं माझ्या अंगावर आले. मीही बाह्या वर केल्या.

"कोनाचं गानं आहे बे हे?"

"पब्लिकचं आहे."

"पब्लिकचं? तुह्या बापाची मोटारसायकल पब्लिकची आहे का? चाल, दे किल्ली!"

मग मी त्याची कॉलर धरली आणि बादलच्या अंगणापाशी ओढत नेला. पुढं मला काही सांगावं लागलं नाही. खाटेवरची म्हातारी अजून रस्त्याकडं पाहत होती, आणि तिच्या पायाशी बसलेल्या बाईचा आवाज पोट्ट्यानं ओळखला. हजारदा ऐकलेला आवाज होता. तो कुंपणापाशीच थिजला. म्हणाला, "मले वाटलं होतं मेली असन थे बाई. कोनाच्या तरी जुन्या व्हिडिओतून उचललं होतं ना गानं." मग म्हणाला, "मी नाई वाजवत काका आता. पन माह्या एकट्यानं काय होते? साऱ्यायच्या पेनड्राईव्हमदी आहे."

पोट्टं खरं बोललं. मी पोलिसांत गेलो, त्यांनी विचारलं गाण्याचा कागद आहे का. मोबाईलवरून काढून टाकायला लावलं, दुसऱ्या नावानं परत आलं. मी भांडकुदळ आहे, एका डीजेची वायर उपटू शकतो. सगळ्या जिल्ह्याच्या वायरी माझ्या हातात मावत नाहीत.

पुष्पानं पुसदची खोली सोडली. आता ती फुलसावंगीत राहते आणि रोज तांड्यावर जाते. घरात अजून गेलेली नाही. अंगणातल्या खाटेपाशी बसते, आईच्या गळ्यात हात टाकते, पहिली ओळ म्हणते आणि थांबते. कधी कधी "आ" वर चढतो. मग दूर कुठं वरात निघते, आणि पुष्पा आपल्या दोन्ही हातांनी आईचे कान झाकते, स्वतःचाच आवाज आत जाऊ नये म्हणून. नाही झाकले वेळेवर, तर म्हातारी तिला ढकलते. मग पुढचे कित्येक दिवस तिला जवळ येऊ देत नाही. मधल्या काळात म्हातारी वाळत चालली आहे. डॉक्टर काही सांगत नाहीत, आणि न सांगणं मला कळते.

म्हणून तुमच्या पाया पडतो. पाया पडायची मला सवय नाही, विचारा कोणालाही. पुढच्या लग्नात बॉक्स गप्प झाले आणि ती बाई "याडी ये" म्हणाली, की हात वर करू नका. पुढं व्हा, डीजेवाल्याचा खांदा धरा आणि त्याला सांगा, बंद कर. वेडा म्हणतील, म्हणू द्या. त्या म्हातारीला एक ओळ म्हणायची आहे. तेवढी म्हणू द्या तिला. गाणं बंद करा.